खडकात मुरलेला पाऊस

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मुंबईची तहान भागवणारी तानसा आणि भातसा ही धरणं याच तालुक्यात आहेत. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल उजाडला की हंडे-कळशा टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. उलट अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला पाऊस चारशे मिलिमीटरच्या आत-बाहेर, म्हणजे शहापूरच्या सहाव्या हिश्श्याइतका. तिथे मात्र टँकर बोलवावा लागत नाही.

‘पाऊस कमी म्हणून पाणी कमी’ हे समीकरण आपल्या इतकं तोंडपाठ आहे की ही दोन ठिकाणं शेजारीशेजारी मांडली की हिशेब चुकल्यासारखा वाटतो. हिशेब चुकलेला नाही, तो अर्धाच मांडलेला आहे. पाऊस पडला किती, हा पहिला अर्धा भाग. पडलेला पाऊस थांबला कुठे आणि किती दिवस, हा उरलेला अर्धा. या दुसऱ्या अर्ध्या भागाचं उत्तर आकाशात सापडत नाही, ते पायाखालच्या खडकात आहे. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भूभाग एकाच प्रकारच्या खडकाने व्यापला आहे. तेव्हा पृथ्वीच्या निसर्गव्यवस्था समजून घ्यायला आपण दूर कुठे न जाता हाच खडक हाताशी घेऊ.

शाळेच्या पुस्तकात पृथ्वीची चार आवरणं शिकवतात: शिलावरण, जलावरण, वातावरण आणि जीवावरण. यातली जीवावरणाची कल्पना एडुआर्ड झ्युस या ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञाने १८७५ साली मांडली. आवरणांची ही विभागणी अभ्यासाच्या सोयीची, पण परीक्षेत चार व्याख्या लिहून झाल्या की चारही आवरणं आपापल्या जागी गप्प बसतात, आणि तिथेच घोटाळा होतो. प्रत्यक्षात त्यांच्यात सीमारेषा अशी नाहीच. मूठभर ओली काळी माती हातात घ्या. तिच्यात झिजलेला खडक आहे, पाणी आहे, कणांच्या फटींत हवा आहे आणि अगणित जिवाणू आहेत. ती कोणत्या आवरणात मोडते? कोयनेचं उदाहरण तर आणखी ठसठशीत आहे. १९६२ पासून कोयना धरणात पाणी साठू लागलं, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि जलाशयाच्या पाण्यामुळे भूकंप उद्भवू शकतो याचं ते जगभर अभ्यासलं जाणारं उदाहरण ठरलं. जलावरणाने शिलावरणाला असा धक्का दिला.

निसर्गातली कोणतीही व्यवस्था पाहताना तीन गोष्टी विचारायच्या: साठा किती, आवक-जावक किती, आणि त्या साठ्यात एखाद्या थेंबाचा मुक्काम किती दिवसांचा. पृथ्वीवरचं सुमारे सत्त्याण्णव टक्के पाणी समुद्रात आहे. तिथे थेंबाचा सरासरी मुक्काम सुमारे तीन हजार वर्षं. हवेतल्या वाफेचा मुक्काम जेमतेम नऊ-दहा दिवस. म्हणजे आज डोक्यावर आलेला ढग म्हणजे गेल्या आठवड्यातला समुद्र. नदीतलं पाणी काही आठवड्यांत निघून जातं. आणि जमिनीखालचं? ते काही महिन्यांपासून हजारो वर्षांपर्यंत कितीही काळ राहू शकतं. कुठे किती, ते खडक ठरवतो.

पावसाचं पाणी नद्यांना पुरतं, हेसुद्धा माणसाला फार उशिरा पटलं. समुद्राचं पाणी भूमिगत वाटांनी डोंगरात चढतं, वाटेत त्याचं मीठ गळून जातं आणि मग ते झऱ्यांतून बाहेर येतं, असं युरोपातले भलेभले विद्वान कितीतरी शतकं मानत होते. पियेर पेरो या फ्रेंच माणसाने सेन नदीच्या उगमाकडच्या खोऱ्यात वर्षभरात पडणारा पाऊस मोजला, नदीतून वाहणाऱ्या पाण्याशी ताडून पाहिला आणि १६७४ मध्ये पुस्तक छापून सांगितलं की पाऊस नदीच्या सहापट भरतो. गंमत अशी की हा हिशेब मांडायला त्याला कोणतंही नवं यंत्र लागलं नाही. तोवर कुणी मोजलंच नव्हतं, इतकंच. पाण्याच्या शास्त्रातल्या बऱ्याच गोष्टी अशाच अडलेल्या असतात.

आपल्याकडची आवक सह्याद्री ठरवतो. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाने जड झालेले वारे डोंगराला धडकून वर चढतात, थंड होतात आणि बाष्प सोडून देतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. घाट उतरून वाई मागे टाकेपर्यंत तो हजाराच्या खाली आलेला असतो, आणि माण-खटावच्या माळावर पोचेपर्यंत पाचशेच्या आसपास. हे सगळं एकाच सातारा जिल्ह्यात. महाबळेश्वरपासून अरबी समुद्र हवाई अंतराने पासष्ट-सत्तर किलोमीटरवर आहे, पण तिथे उगवणारी कृष्णा पाठ फिरवून पूर्वेला निघते आणि सुमारे चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगरातली सावित्री मात्र पश्चिमेला उडी घेते आणि बाणकोटच्या खाडीशी समुद्र गाठते. पाण्याला दिशा देण्याचं कामही खडकाचंच.

आता या खडकाकडे येऊ. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि पसरत गेला. तो एकदाच आला असं नाही. एक प्रवाह आला, थंड झाला, मध्ये काळ गेला, मग त्याच्यावर दुसरा आला. असे थरावर थर चढून आजच्या दख्खनचा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचा बेसाल्ट तयार झाला. त्याची जाडी पश्चिमेकडून पूर्वेकडे कमी होत जाते. कोयनेजवळ रासाटीला २०११ मध्ये संशोधनासाठी खोल विंधण घेतलं, तेव्हा ९३३ मीटर बेसाल्ट भेदल्यावर खालचा ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक लागला. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या विंधणात तोच खडक ३३८ मीटरवर लागला. नागपूरच्या आसपास तर बेसाल्टची ही चादर संपतेच.

हे थर बघायला प्रयोगशाळेत जावं लागत नाही. पुरंदर, फलटण किंवा माण तालुक्यातली, दगडाने न बांधलेली, उन्हाळ्यात तळ दिसणारी एखादी विहीर गाठा आणि सकाळच्या तिरप्या उन्हात तिची भिंत नीट न्याहाळा. वर हात-दोन हात काळी किंवा तपकिरी माती. तिच्या बुडाशी चुनखडीचे पांढरे खडे. त्याखाली मुरूम: पिवळट, विटकरी, बोटाने खरवडला तर भुगा होणारा. त्यात मधूनमधून गोल धोंडे अडकलेले दिसतात, त्यांचे पापुद्रे सुटत चाललेले. मुरमाखाली जांभळट राखी रंगाचा, अनारशासारखी जाळी पडलेला खडक, ज्याला विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात. लाव्हातून वायूचे बुडबुडे वर निसटताना जी भोकं राहिली, तीच ही जाळी. पुढे झिरपत्या पाण्याने त्या भोकांत पांढरी, हिरवट खनिजं आणून भरली. (पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत अशाच पोकळ्यांमध्ये कॅव्हन्साइट नावाचं गडद निळं खनिज मिळतं. जगभरच्या संग्रहालयांत वाघोलीचा हा दगड मखमलीवर ठेवलेला असतो, आणि आपण त्याच खाणींची खडी करून रस्त्यावर अंथरतो.) त्याखाली कधी वीतभर तर कधी हातभर जाडीचा लाल, मातकट पट्टा. आणि मग काळा पाषाण, घट्ट, सुरुंगाशिवाय न फुटणारा, ज्यात उभ्या सरळ भेगा गेलेल्या.

तो लाल पट्टा म्हणजे दोन लाव्हा प्रवाहांच्या मधल्या काळात तयार झालेली माती. पुढचा प्रवाह अंगावर आला तेव्हा ती भाजली गेली. एका विहिरीच्या भिंतीत आपल्याला दोन जमिनी दिसतात: एक आजची, आणि तिच्या कितीतरी खाली एक जुनी, गाडलेली.

आता पाणी कुठे आहे ते बघा. भिंतीवर हिरव्या रेघा दिसतील. शेवाळ, नेचे, एखादं पिंपळाचं रोपटं. मुरूम जिथे संपतो तिथे एक रेघ, लाल पट्ट्याच्या वर दुसरी. काळ्या पाषाणात मात्र भेग असेल तिथेच ओल, बाकी भिंत कोरडी ठणठणीत. वरून मुरलेलं पाणी मुरमातून आणि मांजऱ्यातून खाली येतं, लाल मातकट थराशी किंवा घट्ट पाषाणाशी अडतं, आणि मग आडवं सरकत विहिरीत पाझरतं. विहिरीला उमाळे फुटतात ते याच रेघांवर. पाणी कमी पडलं की शेतकरी विहिरीच्या पोटातून आडवी बोअर मारतात ती याच रेघांच्या अंदाजाने. भूगर्भशास्त्रज्ञ ज्याला जलधर म्हणतात तो दख्खनमध्ये हा असा असतो. भूमिगत नद्या, भूमिगत तळी हे सगळं कल्पनेतलं. खरं पाणी भोकांत, भेगांत आणि मुरमाच्या कणांमध्ये असतं.

पण मुळात घट्ट लाव्ह्याचा मुरूम झालाच कसा? इथे चारही आवरणं एकत्र कामाला लागतात. पावसाचा थेंब हवेतून येताना थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतो आणि किंचित आम्ल होतो. मातीत शिरला की तो आणखी आम्ल होतो, कारण मुळं आणि जिवाणू सतत श्वास सोडत असतात आणि मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असतं. हे सौम्य आम्ल खडकातली खनिजं हळूहळू खातं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम सुटून पाण्याबरोबर जातात आणि मागे चिकणमाती व लोह उरतं. एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात. ती वाहून जायला एक वळीव पुरतो.

ज्यांच्या घरी बोअरचं पाणी आहे त्यांनी गीझरच्या कॉइलवर जमणारा पांढरा थर पाहिला असेलच. तो घासून काढताना वैताग येतो हे खरं, पण तो थर म्हणजे पृथ्वीच्या कार्बनचक्राचा एक टप्पा आहे. त्यातलं कॅल्शियम मुख्यतः बेसाल्टमधून सुटलेलं, आणि कार्बनचा मोठा हिस्सा हवेतून आणि मुळांच्या श्वासातून आलेला. गीझरमध्ये न अडकता हेच पाणी नदीवाटे समुद्रात गेलं, तर शंख-शिंपल्यांचे आणि सूक्ष्म जिवांचे सांगाडे त्याच मालातून बनतात आणि काळाच्या ओघात चुनखडक होऊन तळाशी बसतात. ज्वालामुखी हवेत कार्बन सोडतात, झिजणारा खडक तो पुन्हा पुरतो. हवा तापली, पाऊस वाढला की खडक अधिक झपाट्याने झिजतो, कार्बन अधिक काढून घेतला जातो आणि तापमान पुन्हा उतरणीला लागतं. पृथ्वी कोट्यवधी वर्षं राहण्याजोगी राहिली त्यात या संथ यंत्रणेचा मोठा वाटा आहे, आणि बेसाल्ट इतर बऱ्याच खडकांपेक्षा लवकर झिजतो म्हणून दख्खनचाही. मात्र यावर विसंबून गाड्या उडवू नयेत. या यंत्रणेला जो धूर जिरवायला लाखो वर्षं लागतात, तो आपण दीड-दोनशे वर्षांत सोडला आहे.

एकाच खडकाची माती पावसाप्रमाणे बदलते. कमी पावसाच्या पठारावर काळी कसदार जमीन तयार होते. तिची चिकणमाती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात पाय अडकतील एवढ्या भेगा पडतात आणि वरची माती त्यांत पडून जमीन आपली आपणच नांगरली जाते. खोल काळी जमीन मीटरभर जाडीत दीडशे-दोनशे मिलिमीटर पाणी पिकासाठी धरून ठेवते. मंगळवेढ्याची रब्बी ज्वारी या साठवलेल्या ओलीवर, थंडीच्या दवावर येते. वरचं एक पाणी मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तरी कणीस भरतं. अतिपावसाच्या कोकणात आणि घाटमाथ्यावर मात्र पाणी सगळंच धुऊन नेतं. मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरतं, त्याचा होतो जांभा. कासच्या पठारावरची फुलं या नापीक जांभ्यावरच फुलतात. तिथल्या ‘सीतेच्या आसवां’ना मातीतून नत्र पुरेसं मिळत नाही, म्हणून ती वनस्पती मुळाशी असलेल्या इवल्या पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडते. पर्यटकांना वरची जांभळी फुलं दिसतात, खाली चाललेली शिकार दिसत नाही.

आता आकडे. खडकाच्या शंभर घनमीटर भागातून विहिरीला प्रत्यक्षात किती पाणी मिळू शकतं? केंद्रीय भूजल अंदाज समितीने १९९७ च्या निकषांत बेसाल्टसाठी हा आकडा सरासरी दोन टक्के धरला आहे. वाळूमिश्रित गाळाच्या जमिनीसाठी सोळा टक्के. या दोन आकड्यांत दख्खनचं सगळं भागधेय आहे.

समजा पावसातलं पन्नास मिलिमीटर पाणी मुरलं. गाळाच्या प्रदेशात त्याने भूजलाची पातळी जेमतेम एका फुटाने चढेल. बेसाल्टमध्ये तेच पन्नास मिलिमीटर पाणी पातळी अडीच मीटरने, म्हणजे आठ फुटांनी चढवतं. जागाच इतकी कमी आहे. म्हणून आपल्याकडच्या विहिरी श्रावणात काठोकाठ भरतात आणि बघणाऱ्याला वाटतं, यंदा पाणीच पाणी. उपसा सुरू झाला की त्याच हिशेबाने पातळी धाडकन उतरते आणि फाल्गुनात तळ दिसतो. तुडुंब विहीर म्हणजे मुबलक पाणी नव्हे, हे दख्खनच्या शेतकऱ्याला आणि त्याहून जास्त दख्खनच्या पुढाऱ्याला कळायला हवं.

शहापूरचं कोडं इथे सुटतं. तिथल्या उतारावरचा खडक जुलैच्या मध्यापर्यंतच तृप्त होतो. पुढचा दीड-दोन हजार मिलिमीटर पाऊस जमिनीत शिरायला जागाच नसते, तो नाल्यावाटे पसार होतो. मुरलेलं पाणीही तीव्र उतारामुळे माघ-फाल्गुनापर्यंत झऱ्यांवाटे निथळून जातं. पाऊस दुप्पट पडला तरी एप्रिलची विहीर तेवढीच कोरडी राहील, कारण कमी आहे तो साठा.

आता एक एकराचा हिशेब करू. माणदेशात पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर एका एकरावर सुमारे वीस लाख लिटर पाणी पडतं. झिजलेल्या बेसाल्टमध्ये त्यातलं सात टक्के, जाळीदार आणि भेगाळ बेसाल्टमध्ये तेरा टक्के मुरतं, असे निकष सांगतात. मध्य धरून दहा टक्के म्हणू: दोन लाख लिटर. उसाला लागवडीपासून तोडणीपर्यंत कमीत कमी पंधराशे मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे एकरी साठ लाख लिटर. त्यातले वीस लाख पावसाने दिले, एक थेंबही वाया गेला नाही असं मानू. उरलेले चाळीस लाख विहिरीतून यायचे. म्हणजे एका एकर उसाला वीस एकरांवर मुरलेला पाऊस लागतो. ज्याच्याकडे वीस एकर जमीन नाही, तो हे पाणी कुणाच्या रानाखालून ओढतो, ते वेगळं सांगायला नको. ठिबक बसवलं तर वाटेतली नासाडी वाचते. पिकाची स्वतःची तहान काही निम्मी होत नाही.

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलची गोष्ट वेगळी. सातपुड्याच्या पायथ्याशी तापीने शेकडो फूट जाडीचा गाळ आणून टाकला आहे आणि केळीच्या बागा त्याच्यावर उभ्या राहिल्या. साठा मोठा असल्यामुळे उपशाचे परिणाम तिथे लवकर दिसले नाहीत. दिसले तेव्हा पातळी फार खोल गेली होती. मोठा साठा माणसाला बेफिकीर करतो, एवढाच काय तो फरक.

विहीर आटली की बोअर. बोअरला पाणी नाही लागलं की आणखी खोल बोअर. यामागे एक समजूत आहे: खाली कुठेतरी पाणी असतंच, आपण पोचत नाही इतकंच. बेसाल्टमध्ये ही समजूत महागात पडते. झीज वरून खाली होत जाते, त्यामुळे सच्छिद्र थर मुख्यतः वरच्या पंधरा-वीस मीटरांत. खाली वरच्या खडकाच्या भाराने भेगा मिटत जातात. पाचशे-सातशे फुटांवर एखादी फट लागली, पाणी उसळलं, तर तो बऱ्याचदा फार जुना आणि छोटा साठा असतो. दोन-तीन उन्हाळ्यांत तो संपतो, कारण तिथवर नवं पाणी पोचायला वाटच नसते. उरलेल्या वेळी नुसती धूळ उडते आणि कर्ज राहतं. शिवाय खोल बोअर वाटेतला लाल थरही भेदते. ज्या थराने वरच्या विहिरींचं पाणी अडवून धरलेलं असतं त्यालाच भोक पडतं, पाणी खाली निसटतं आणि शेजाऱ्याची विहीर आटते.

पाणाड्याबद्दलही दोन शब्द. हातावर नारळ उभा राहिला की पाणी, उंबराची दुबेळकी फांदी वाकली की पाणी. त्याने दाखवलेल्या जागी पुष्कळदा पाणी लागतं हे खरं आहे. मुरमात पाणी जवळजवळ सगळीकडे थोडंफार असतंच, त्यामुळे चुकणं अवघड. त्यातून तो जाणता असेल तर झाडं, वारुळं, उतार, आसपासच्या विहिरी हे सगळं नकळत वाचत असतो. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेच्या ‘दकार्गल’ प्रकरणात अशाच खुणा नोंदवल्या आहेत. नारळाला श्रेय द्यायचं कारण नाही.

बोअरला सरसकट शिव्या देणंही मात्र बरोबर नाही. १९७२ च्या दुष्काळात हवेच्या दाबाने खडक फोडणाऱ्या यंत्रांनी आणि हातपंपांनी हजारो गावांचं पिण्याचं पाणी वाचवलं. परदेशी घडणीचे ओतीव लोखंडाचे हातपंप तेव्हा गावच्या वापराला टिकत नव्हते. ते मुळात एका कुटुंबापुरते बनवलेले, आणि इथे दिवसभर अख्खं गाव दांडा मारायचं. त्यावर जालना आणि सोलापूर इथल्या मिशनरी कार्यशाळांनी पोलादाचे दणकट पंप बनवले. सोलापूरच्या पंपावरून सत्तरच्या दशकात युनिसेफच्या पुढाकाराने ‘इंडिया मार्क २’ तयार झाला आणि आफ्रिकेपर्यंत पोचला. जगात सर्वाधिक वापरल्या गेलेल्या हातपंपांपैकी हा एक, आणि त्याचं मूळ दख्खनच्या कठीण खडकात. पण हातपंप पिण्यापुरतं काढतो. वीजपंप लावलेली बोअर शेत भिजवायला निघते, आणि प्रश्न तिथून सुरू होतो.

नदी आणि विहीर यांना आपण वेगळं मानतो, सरकारी खातीही वेगळी आहेत. खडकाला ही खाती ठाऊक नाहीत. पौषात ओढा वाहतो तेव्हा त्यात पावसाचं पाणी कुठलं? ते मुरमातून हळूहळू निथळणारं भूजल असतं. काठच्या विहिरींची पातळी ओढ्याच्या तळाखाली गेली की ओढा आटतो. म्हणून ‘आमच्या लहानपणी नदी बारमाही होती’ हे वाक्य ऐकलं की फक्त आकाशाकडे बघू नये, काठावरचे पंपही मोजावेत.

याच कारणाने ओढे-नाले यंत्राने खोल करण्याच्या कामांकडे सावधपणे पाहिलं पाहिजे. साचलेला गाळ काढणं उपयोगाचं. पण मुरूम आणि मांजऱ्या पार करून काळ्या पाषाणापर्यंत खोदलेला नाला पाणी मुरवत नाही, तो दोन्ही काठांच्या जलधरातलं पाणी स्वतःकडे खेचून उघड्यावर आणतो. फोटो झकास येतो. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यांचं तसंच. पावसाचं वाहून जाणारं पाणी त्यात धरलं तर ठीक. अनेक ठिकाणी ती विहिरी-बोअरच्या पाण्याने भरली जातात. उन्हाळ्यात आपल्याकडे उघड्या पाण्यावरून दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी उडून जातं. खडकाच्या गारव्यात, एक थेंबही वाफ न होता राहिलेलं पाणी वीज खर्चून वर आणायचं आणि उन्हात ठेवायचं, याला साठवण म्हणणं कठीण आहे.

मग काय करायचं, याचं उत्तर महाराष्ट्रात पन्नास वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावला पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, घरातल्या माणसांवर ठरला: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला कमाल अडीच एकर. भूमिहीनालाही हक्क. ऊस नाही. हिवरे बाजारात पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गावाने बांधबंदिस्ती केली हे सगळे सांगतात. त्याइतकंच महत्त्वाचं हे की शेतीसाठी बोअर बंद केली, ऊस-केळी टाळली आणि दरवर्षी पाऊस मोजून, ग्रामसभेत ताळेबंद मांडून कोणतं पीक किती घ्यायचं ते ठरवलं. त्यांचा खडक शेजारच्या गावांपेक्षा वेगळा नाही. आवक वाढवायला एक मर्यादा असते, जावक मात्र आपल्या हातात असते, आणि बहुतेक गावं पहिल्या कामाला यंत्रं लावून दुसऱ्याचं नावही काढत नाहीत. २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यात खोल विहिरींवर बंधनं आहेत. गावानेच मनावर घेतल्याशिवाय ती कागदावरच राहतात.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजते. तुमच्या गावात अशी एखादी विहीर असेल तर तिचे आकडे मागा. नसेल तर दोरीला दगड बांधून पाच-दहा विहिरींची पातळी ऑक्टोबरात आणि मेअखेर मोजा, आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. रब्बीच्या पेरणीआधी ऑक्टोबरचा आकडा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असला, तर हरभरा किती एकर आणि ऊस किती, हे निदान माहीत असून तरी ठरेल.